न निवडणाऱ्यांसाठीची निवड

वेब फ्रेमवर्कच्या सेटिंग्ज कुठल्या स्वरूपात लिहायच्या, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला चिल्लर वाटेल. लिहायचं असतं ते काय? डेटाबेसचा पत्ता, कुठल्या यूआरएलला कुठला कोड उत्तर देणार, मेल कोणत्या सर्व्हरवरून जाणार, लॉग कुठे साठणार. एक्सएमएलमध्ये लिहा, यॅमलमध्ये लिहा, जेसनमध्ये लिहा, मजकूर तोच. तरीही गेली वीसेक वर्षं या प्रश्नावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर येत आली आहेत. मला हा वाद चिल्लर वाटत नाही. का वाटत नाही ते सांगायला एकच फ्रेमवर्क हाताशी धरतो: सिम्फनी. पीएचपी भाषेतलं, फ्रान्समध्ये जन्मलेलं, फाबियाँ पोतांसिए यांनी २००५ मध्ये लोकांसमोर ठेवलेलं. ते धरायचं कारण एवढंच, की या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं त्याने कधी ना कधी देऊन पाहिली आहेत.

२०११ च्या जुलैत सिम्फनीची दुसरी पिढी आली तेव्हा तिने मोठ्या मनाने सांगितलं: यॅमलमध्ये लिहा, एक्सएमएलमध्ये लिहा, सरळ पीएचपीत लिहा, आणि रूटिंगसारख्या गोष्टी हव्या तर कोडच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये अ‍ॅनोटेशन म्हणून लिहा. दस्तऐवजांत उदाहरणांच्या माथ्यावर तीन-तीन, चार-चार टॅब असायचे. एकच गोष्ट तितक्या वेळा लिहिलेली. त्याच दस्तऐवजांत एक छोटा खुलासाही असे. यापैकी काहीही निवडलंत तरी वेगात फरक पडत नाही, कारण अ‍ॅप्लिकेशन चालण्याआधी सगळ्याचं पीएचपीत रूपांतर होतं आणि तेच कॅशमध्ये जाऊन बसतं.

तांत्रिक पुस्तकात असा खुलासा सहज वाचून पुढे जावं असा असतो. मी मात्र तिथे अडखळतो. कॉम्प्युटरच्या जगातले बहुतेक वाद शेवटी 'कुठलं जास्त वेगात चालतं' या कसोटीवर आणून मिटवता येतात, निदान मिटवल्यासारखं करता येतं. इथे ती सोय नाही. यंत्र या खटल्यात पक्षकारच नाही. उरतात ती माणसं: फाइल लिहिणारा, वर्षभराने ती वाचणारा, आणि रात्री सर्व्हर पडल्यावर ती घाईघाईने उघडणारा. हे तिघे एकच असतील असं नाही, आणि तिघांची गरजही एक नसते.

इथे कुणी पार्किन्सनचं नाव काढेल, आणि काढावंच. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने १९५७ च्या आपल्या पुस्तकात एका समितीचं वर्णन केलं आहे. ती अणुभट्टीचा प्रस्ताव काही मिनिटांत मंजूर करते आणि कारकुनांच्या सायकलींसाठी शेड बांधायचा विषय आला की पाऊण तास खल करते, कारण अणुभट्टी कुणाला कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडीच्या विकासकांना उद्देशून पॉल-हेनिंग काम्प यांनी ही गोष्ट पुन्हा सांगितली आणि तेव्हापासून 'शेडचा रंग' हा प्रोग्रामरांच्या बोलण्यातला परवलीचा शब्दप्रयोग झाला. कॉन्फिगरेशनच्या स्वरूपाचा वाद हा असाच शेडच्या रंगाचा वाद, असं म्हणून तो बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. अर्धं खरं आहे ते. ज्याला चारही स्वरूपं येतात त्याच्यासाठी हा रंगाचाच प्रश्न. पण रंग चुकला म्हणून सायकल चोरीला जात नाही. स्वरूप चुकलं तर चूक कुठे झाली हेच कळेनासं होतं. शिवाय चारही स्वरूपं येणारा माणूस डिफॉल्टचं, म्हणजे काही न निवडल्यास आपोआप लागू होणाऱ्या पर्यायाचं, गिऱ्हाईक नसतोच. डिफॉल्ट असतो तो निवड करायची आहे हेच ज्याला अजून ठाऊक नाही त्याच्यासाठी.

ही कल्पना काही संगणकाबरोबर आलेली नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांची रचना उत्सर्ग आणि अपवाद या जोडीवर तोललेली आहे. कर्तरी प्रयोगात सार्वधातुक प्रत्ययाआधी धातूला कुठला विकरण लागायचा? शप्. हा उत्सर्ग झाला. मग दिवादि गणाला श्यन्, स्वादि गणाला श्नु, तुदादि गणाला श, असे अपवाद येतात आणि आपापल्या हद्दीपुरते उत्सर्गाला हटवतात. शप् जिथे टिकून राहतो तो भ्वादि हा धातुपाठातला सगळ्यात मोठा गण आहे. जिथे आधीच बहुसंख्य उभे आहेत तिथे सामान्य नियम ठेवायचा आणि जे वेगळे आहेत त्यांना नावानिशी वेगळं काढायचं, ही त्यातली शिस्त. धातूबद्दल विशेष काहीच सांगितलं नसेल तर काय करायचं, हेही व्याकरणाने सांगून ठेवलेलं असतं. फ्रेमवर्क लिहिणाऱ्याचं काम याहून फार निराळं नसतं. मात्र पाणिनीला एक सोय होती: बहुसंख्य कोण हे त्याला भाषेतच दिसत होतं. फ्रेमवर्क लिहिणाऱ्याला बहुसंख्य दिसत नाहीत. तो डिफॉल्ट ठरवतो आणि त्यातून बहुसंख्य तयार होतात.

याची झळ मराठी वाचकाला रोज लागते. युनिकोडमध्ये 'ल' आणि 'श' या अक्षरांना प्रत्येकी एकच जागा आहे. त्यांचं मराठी वळण आणि हिंदी वळण हा फरक फाँटवर सोपवलेला आहे. बहुतेक देवनागरी फाँट उघडल्याबरोबर हिंदी वळण दाखवतात. काही चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणही असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं त्या पानाने स्पष्ट सांगितलं तरच ते बाहेर येतं. ते सांगायला हवं हे कितीजणांना माहीत असतं? महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात निर्णय काढून मराठी वर्णांची वळणं ठरवून दिली. त्यानंतरही मराठी संकेतस्थळांवर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' राजरोस नांदत आहेत. कुणी त्यांच्या बाजूने कौल दिलेला नाही. कुणी काही केलं नाही, इतकंच. आणि काही न करण्याचा कौल नेहमी डिफॉल्टच्या पारड्यात पडतो.

आता स्वरूपांकडे.

एक्सएमएल १९९८ चं. मुळात लांबलचक दस्तऐवजांच्या मांडणीसाठी घडलेल्या परंपरेतून आलेलं, पण जावाच्या जगाने ते कॉन्फिगरेशनसाठी उचललं. स्ट्रट्स आलं, पाठोपाठ २००४ मध्ये स्प्रिंगची पहिली आवृत्ती आली, आणि कोडपेक्षा कॉन्फिगरेशनच्याच फायली मोठ्या होऊ लागल्या. त्या काळात हिंजवडीत किंवा पवईत जावावर काम केलेल्या कुणालाही विचारा. हजार-हजार ओळींच्या एक्सएमएल फायलींत एक चुकलेलं क्लासचं नाव शोधण्यात दुपार घालवल्याची आठवण निघेल. नाकापेक्षा मोती जड. त्यात प्रत्येक गोष्टीचं नाव दोनदा लिहायचं, एकदा उघडताना, एकदा मिटताना.

पण एक्सएमएलची टिंगल करणं आता इतकं सोपं झालंय की त्याचे गुण सांगायला हवेत. त्याला स्कीमा असतो. कुठल्या खुणेच्या पोटात काय चालतं, काय चालत नाही हे आधी लिहून ठेवता येतं, एडिटर टाइप करतानाच सुचवतो, आणि चूक झाली तर ओळ क्रमांकासह ती दाखवली जाते. ते बोजड आहे, पण अप्रामाणिक नाही. सिम्फनीच्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या हाती त्यांनी यॅमल दिलं, पण फ्रेमवर्कच्या पोटातल्या त्यांच्या स्वतःच्या सर्व्हिस-फायली वर्षानुवर्षं एक्सएमएलमध्येच राहिल्या, आणि इतरांना वाटायचं बंडल लिहिणाऱ्यांनाही सल्ला एक्सएमएलचाच असे. पाहुण्यांच्या पानात एक आणि घरच्यांच्या पानात दुसरं, असा हा प्रकार. यजमान स्वतः काय जेवतो ते पाहावं, या न्यायाने मला ही गोष्ट बोलकी वाटते.

एक्सएमएलविरुद्धचं खरं बंड रूबीच्या गोटातून झालं. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्स आणलं ते एका घोषवाक्यासारख्या तत्त्वासह: कॉन्फिगरेशनच्या आधी संकेत. टेबलचं नाव अनेकवचनी, क्लासचं एकवचनी, फाइल अमुक फोल्डरमध्ये. हे पाळलंत तर काही लिहायलाच नको. म्हणजे फाइलचं स्वरूप कुठलं, यावरचं त्यांचं पहिलं उत्तर 'शक्यतो फाइलच नको' असं होतं, आणि या सगळ्या चर्चेतलं ते सर्वांत शहाणपणाचं उत्तर आहे. तरी डेटाबेसचा पासवर्ड काही संकेताने ओळखता येत नाही. त्यासाठी रेल्सने यॅमल घेतलं. पहिल्या सिम्फनीनेही तेच घेतलं आणि सढळ हाताने वापरलं: रूटिंग यॅमलमध्ये, डेटाबेस यॅमलमध्ये, टेबलांची रचनासुद्धा यॅमलमध्ये.

यॅमल पहिल्या नजरेत भरतं. कंस नाहीत, मिटत्या खुणा नाहीत, अवतरणचिन्हांची सक्ती नाही. वहीत आपण जसं टिपून ठेवतो तसंच. ते २००१ मध्ये सुरू झालं आणि माणसाने वाचावं हा त्याचा उघड उद्देश होता. गोम अशी की ते वाचायला सोपं वाटावं म्हणून लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज ते स्वतः बांधतं. २००५ च्या १.१ या आवृत्तीनुसार 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे अवतरणाशिवाय लिहिलेले इंग्रजी शब्द शब्द राहत नाहीत. ते खरं-खोटं या मूल्यांत बदलतात. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची यादी लिहायला घ्या: स्वीडन नीट उतरतो, डेन्मार्क नीट उतरतो, आणि नॉर्वेचा संकेत 'एन-ओ' असल्यामुळे त्या जागी 'असत्य' येऊन बसतं. एक अख्खा देश खोटा ठरतो आणि कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. बावीस कोलन बावीस असं लिहिलंत तर जुना पार्सर त्याला साठच्या पटीतली संख्या समजतो आणि १३४२ हातात ठेवतो. पायथनची ३.१० ही आवृत्ती अवतरणाशिवाय लिहिली की तो दशांश अपूर्णांक होतो, शेवटचं शून्य गळतं आणि मागितलेली आवृत्ती ३.१ ठरते. फाइलच्या परवानगीचा ०६४४ हा आकडा एका आवृत्तीत अष्टमान पद्धतीने ४२० होतो, दुसरीत सरळ ६४४ राहतो. दोन्हींचा अर्थ सर्व्हरवर निरनिराळा.

२००९ च्या १.२ आवृत्तीने यातलं बरंचसं दुरुस्त केलं. सिम्फनीने ती दुरुस्ती लगेच उचलली. त्याच वर्षी आलेल्या सिम्फनी १.३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सूचना होती की यापुढे खरं-खोटं फक्त 'ट्रू' आणि 'फॉल्स' याच शब्दांनी लिहायचं. 'ऑन', 'ऑफ', 'येस', 'नो' असेल तिथे शोधून बदला. चांगली गोष्ट. पण जगातल्या इतर कित्येक पार्सरांनी जुनी आवृत्ती सोडली नाही. त्यामुळे एकाच प्रकल्पात सिम्फनीची यॅमल फाइल एका नियमाने वाचली जाते आणि शेजारची, सर्व्हरवर कोड पोचवणारी यॅमल फाइल कदाचित दुसऱ्याच नियमाने. दिसायला दोघी सारख्याच. नवशिक्या माणसाला हा फरक कुणी सांगत नाही, कारण फाइलच्या नावात आवृत्ती नसते.

सोपेपणाची आणखी एक किंमत रेल्सने २०१३ च्या जानेवारीत मोजली. यॅमल आकडे-शब्द वाहतं त्याचबरोबर भाषेतले ऑब्जेक्टही घडवू शकतं. रेल्स बाहेरून आलेल्या विनंतीतलं एक्सएमएल वाचत असे, आणि त्या एक्सएमएलच्या आत 'हा तुकडा यॅमल आहे' असं लिहिण्याची मुभा होती. हल्लेखोराने तिथे हवा तो ऑब्जेक्ट पेरला की सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येई. जगभरच्या रेल्स संकेतस्थळांना तातडीने दुरुस्ती करावी लागली. एक्सएमएलच्या पोटात यॅमल आणि यॅमलच्या पोटात रूबी: त्या काळच्या सगळ्या फॅशन एकाच भोकात सापडल्या.

जेसनबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला पाठवायला ते उत्तम. माणसाने हाताने लिहायला त्रासाचं. शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम राहिला की संपलं, आणि कॉमेंट लिहिता येत नाही. ही दुसरी गोष्ट मला अक्षम्य वाटते, कारण 'ही मर्यादा तीस सेकंदांवरून दहावर का आणली' हे सांगणारी ओळ कित्येकदा त्या आकड्यापेक्षा मोलाची असते. कॉमेंट काढण्यामागे डग्लस क्रॉकफर्ड यांनी दिलेलं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी हुकूम लिहू लागले होते आणि त्याने निरनिराळ्या यंत्रांना एकच फाइल एकसारखी वाचता आली नसती, असं त्यांचं म्हणणं. ही भीती अनाठायी होती म्हणावं, तर सिम्फनीच आडवी येते. पीएचपीत तेव्हा अ‍ॅट्रिब्यूट नव्हते. म्हणून रूटिंगपासून डेटाबेसच्या रकान्यांपर्यंतचे हुकूम चक्क कॉमेंटमध्ये लिहिण्याचा प्रघात पडला आणि तो दहाएक वर्षं टिकला. पीएचपी ८ ने २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅट्रिब्यूट भाषेतच आणले तेव्हा कॉमेंट पुन्हा कॉमेंट झाल्या. क्रॉकफर्ड यांचं निदान बरोबर होतं. औषध जरा जहाल झालं.

पायथनवाल्यांनी हा प्रश्न ज्या पद्धतीने सोडवला ती मला आदर्श वाटते, निकालापेक्षाही पद्धत. त्यांच्यापुढचा मामला वेब फ्रेमवर्कचा नव्हता, पॅकेज बांधण्याचा होता. पूर्वी पॅकेजला काय काय लागतं हे 'सेटअप' नावाच्या पायथन फाइलमध्ये लिहीत. ती फाइल म्हणजे चालवायचा प्रोग्राम. परिणाम असा, की पॅकेज बांधायला काय लागतं हे कळण्यासाठी फाइल चालवायची, आणि ती चालवायला जे लागतं तेच अजून बसवलेलं नाही. २०१६ च्या पेप ५१८ या प्रस्तावात चार स्वरूपं समोर ठेवली गेली आणि त्यातली तीन का नाकारली हे कागदावर आलं: जेसन माणसाला लिहायला गैरसोयीचं, यॅमल फार गुंतागुंतीचं, पायथनच्या जुन्या आयएनआय धाटणीला पक्कं प्रमाण नाही. निवड झाली टॉमलची. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये आणलेलं हे स्वरूप तेव्हा १.० ला पोचलंसुद्धा नव्हतं. ते २०२१ मध्ये पोचलं, आणि पायथनच्या मूळ ग्रंथालयात त्याचा वाचक आला तो २०२२ मध्ये, ३.११ बरोबर. तोवर पायथनचं डिफॉल्ट स्वरूप पायथनला स्वतःहून वाचता येत नव्हतं, ही गंमत आहेच. पण निवडीची कारणं लिहिलेली असल्यामुळे ती कुणालाही तपासता येतात. टॉमलमध्ये शब्द अवतरणातच लिहावा लागतो, नॉर्वे सुरक्षित. मात्र खोल पोटात पोट असलेली रचना त्यात कंटाळवाणी होते, आणि सिम्फनीच्या सुरक्षेची फाइल ज्याने उघडली आहे त्याला खोल म्हणजे किती ते माहीत आहे.

मग फ्रेमवर्क ज्या भाषेत लिहिलंय त्याच भाषेत कॉन्फिगरेशन लिहिलं तर? कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात घडलेल्या जँगोने २००५ पासून हेच केलं: सेटिंग्जची फाइल म्हणजे साधी पायथन फाइल. लारावेल या पीएचपीतल्या फ्रेमवर्कची सेटिंग्जची फाइल पीएचपीचा अ‍ॅरे परत करते. नवी भाषा शिकायला नको, एडिटर क्लासचं नाव पूर्ण करून देतो, क्लासचं नाव बदललं की कॉन्फिगरेशनमध्येही आपोआप बदलतं, आणि चूक झाली तर ती भाषेच्या नेहमीच्या शब्दांत, नेहमीच्या जागी दिसते.

याला विरोध करणारे म्हणतात, प्रोग्रामची भाषा हाती दिली की लोक प्रोग्राम लिहितात. खरं आहे. जँगोच्या प्रकल्पांत सेटिंग्जच्या शेवटी 'स्थानिक सेटिंग्ज सापडल्या तर आत ओढा' अशी ओळ असते. मग यजमान संगणकाचं नाव पाहून निर्णय घेणारी 'इफ' येते. मग एखादं फंक्शन. दोन वर्षांनी चालू सर्व्हरवर नेमकी कुठली मूल्यं लागू आहेत हे फाइल वाचून सांगता येत नाही. पायथनच्या 'सेटअप' फाइलचं दुखणं हेच होतं. पण यॅमलमध्ये तरी लोक गप्प बसले का? तिथे त्यांनी साचे घुसवले, अटी घुसवल्या, एक फाइल दुसरीत ओढण्याच्या युक्त्या काढल्या. तर्क लिहायची गरज असेल तर माणूस तो कुठल्याही स्वरूपात लिहितो. खऱ्या भाषेत लिहिला तर निदान त्याची चाचणी घेता येते.

पर्यावरणीय चलांचं, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं, एक उपकथानक आहे. अ‍ॅप्लिकेशन चालवून देणाऱ्या हेरोकू कंपनीच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ मध्ये मांडलेल्या बारा तत्त्वांत, बदलती मूल्यं आणि गुपितं कोडबाहेर, पर्यावरणात ठेवा असं सांगितलं आहे. पासवर्डसाठी सल्ला सोळा आणे बरोबर. फक्त तिथे सगळंच अक्षरी असतं. 'फॉल्स' हा पाच अक्षरांचा शब्द पीएचपीला जसाच्या तसा दिला तर तो रिकामा नाही म्हणून खरा ठरतो. लारावेल आणि सिम्फनी दोघांनीही यावर उतारा ठेवला आहे, पण तो उतारा आहे हे आधी माहीत असावं लागतं.

सिम्फनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तिने माझा युक्तिवाद थोडा लंगडा होतो, तरी. स्वरूप कुठलंही असो, सिम्फनी आलेलं कॉन्फिगरेशन एका ठरीव झाडाशी ताडून पाहते. पर्यायाचं नाव चुकलं तर थांबते आणि कुठले पर्याय चालतात त्याची यादी देते. म्हणजे सैल स्वरूपाच्या मागे कडक पहारेकरी उभा आहे. नावांच्या बाबतीत तो चोख आहे. मूल्यांच्या बाबतीत मात्र झाड लिहिणाऱ्याने जेवढं बजावलं तेवढंच तो बघतो. 'कुठलंही साधं मूल्य चालेल' असं सांगितलेल्या जागी शब्दाऐवजी 'असत्य' आलं तरी तो सलाम ठोकून आत सोडतो. आणि त्याची गाठ पडते ती कॅश बांधताना. एडिटरसारखी टाइप करता करता नाही.

२०१७ च्या अखेरीस चौथी सिम्फनी आली आणि फ्लेक्स नावाच्या साधनाने खरा निकाल लावून टाकला. आता पॅकेज बसवलं की त्याची कॉन्फिगरेशन फाइल आपोआप लिहून मिळू लागली, आणि ती यॅमलमध्ये. एक्सएमएल आणि पीएचपी चालत होतंच. कुणी बंदी घातली नव्हती. पण जो दुसरं स्वरूप निवडेल त्याने प्रत्येक पॅकेजमागे आलेली फाइल हाताने अनुवादित करायची. चार दारं उघडी, आणि पायवाट एकाच दारापर्यंत. त्याच सुमारास ऑटोवायरिंग रुळलं, सर्व्हिस हाताने जोडण्याची गरज बरीच सरली, आणि फायलीच लहान झाल्या. पुढे रूटिंग अ‍ॅट्रिब्यूटच्या रूपाने कोडमध्ये गेलं. २०२१ च्या ५.३ आवृत्तीने पीएचपीत कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्यांसाठी एडिटरला समजणारे बिल्डर दिले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरातल्या ७.४ ने एक्सएमएलला निवृत्तीची नोटीस बजावली. 'सगळं चालेल' म्हणणारं घर चौदा वर्षांनी आवरायला लागलं.

आवरायला हवंच होतं. चार स्वरूपांचं स्वातंत्र्य हे बरंचसं निर्णय टाळण्याचं सभ्य नाव होतं. त्याचा भार फ्रेमवर्कच्या सूत्रधारांनी उचलला नाही. तो पडला दस्तऐवज लिहिणाऱ्यांवर, आणि त्याहून अधिक त्या नव्या माणसावर, ज्याला उत्तर एका स्वरूपात सापडतं, प्रकल्प दुसऱ्यात असतो आणि हे दोन्ही एकच आहे हे ओळखायची नजर अजून आलेली नसते.

तर माझा कौल असा. नव्या फ्रेमवर्कने एकच स्वरूप द्यावं, आणि ते फ्रेमवर्कच्याच भाषेतलं द्यावं: पीएचपीत असेल तर पीएचपीचा साधा अ‍ॅरे, प्रकार सांगितलेला, एडिटरला तपासता येईल असा. गुपितं पर्यावरणात. फाइल न चालवता बाहेरच्या साधनांना वाचावी लागणार असेल तरच टॉमल. यॅमल मी नव्याने सुरू होणाऱ्या कुठल्याही फ्रेमवर्कला सुचवणार नाही. जे अंदाज बांधतं ते तज्ज्ञाच्या हातात ठीक, डिफॉल्ट म्हणून नको.

ज्यांचा चालू प्रकल्प यॅमलवर सुखाने चालला आहे त्यांनी मात्र हे वाचून तो बदलायला घेऊ नये. मिळकतीपेक्षा खर्च जास्त होईल. आवृत्तीचे आकडे, वेळा, देशांचे संकेत आणि पोर्टच्या जोड्या तेवढ्या अवतरणचिन्हांत घालाव्यात, आणि कोड सर्व्हरवर जाण्याआधी फायली यंत्राकडून तपासून घ्याव्यात. सिम्फनीत त्यासाठी दोन लिंट आज्ञा तयार आहेत, एक यॅमलसाठी आणि एक कंटेनरसाठी, म्हणजे सर्व्हिसच्या जोडणीसाठी.